क्रेनवाला आणि तीन हेडसेट

३ मार्च, सोमवार

ओकलो! सगळ्यांसमोर. ट्रेनिंगच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. अर्धं आयुष्य टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये गेलं. खालची माणसं मुंगीएवढी दिसतात तिथे बसून जेवलो, कधी पोटातलं पाणी हललं नाही. आणि आज जमिनीपासून दीड फुटावर — ओकलो.

कंपनीचा नवा नियम. ज्याला वर चढायचंय त्याने आधी हेडसेट घालून खोट्या क्रेनवर परीक्षा द्यायची, महिनाअखेरच्या आत. नापास झाला की गोदामात.

भोंगा म्हणाला, "दादा, पहिल्या दिवशी होतं असं." भोंगा म्हणजे माझा खालचा सिग्नलवाला. वॉकीटॉकी बंद पडला तरी ज्याचं बोलणं वर ऐकू येतं असा माणूस. त्याचं काय जातंय म्हणायला! त्याला परीक्षा नाही.

४ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच. आता शेजारी बादली ठेवूनच बसवतात.

५ मार्च, बुधवार

शिकवायला एक मॅडम आल्यात. मला काका म्हणतात. म्हणाल्या, "काका, तीन कंपन्यांचे हेडसेट आणलेत. त्यातला एक घ्यायचाय. तुम्हाला सगळ्यात लवकर त्रास होतो, तेव्हा तुम्हीच तिन्ही घालून सांगा. तुम्हाला सोसला तो कुणालाही सोसेल." हा मान समजायचा की अपमान? चला, ओकण्यासाठी तरी निवड झाली!

काळा घातला. चित्र आरशासारखं स्वच्छ, पण भार सगळा पुढे — नाकावर, गालांच्या हाडांवर. मान आपोआप खाली जाते. आत घाम साचून काचेवर वाफ धरते. काढला तेव्हा तोंडावर वळ, कुणी थोबाडीत मारल्यासारखे.

पांढरा अगदी हलका. घातलाय हेही विसरायला होतं. पण मान वळवली की चित्र जरा मागून येतं. डोकं पोचलेलं असतं, चित्र अजून वाटेत! तिथेच पोटात ढवळायला लागतं. भिंतीवरचं घड्याळ बघायचीसुद्धा उसंत मिळाली नाही.

निळा राहिला. अंगात त्राण उरलं नाही.

६ मार्च, गुरुवार

निळा चांगला आहे. बॅटरी डोक्याच्या मागच्या बाजूला, त्यामुळे पुढचा-मागचा तोल सारखा. कपाळावर टेकतो, नाकावर नाही. दोन काचांमधलं अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे जुळवता येतं. चित्र मानेबरोबर वळतं. मनात म्हटलं, सापडला!

मग खोट्या हुकाला खोट्या सळयांचा गठ्ठा लावला. वर घेतला. गठ्ठा डोलला.

बादली.

म्हणजे खोट पट्ट्यात नाही, काचेत नाही. माझ्यातच आहे. घरी चालत आलो. वाटेत तीन क्रेन दिसल्या, मान वर केली नाही.

८ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, "ठणठणीत आहात." मग हे काय आहे? ठणठणीत माणसाला खाली उतरवणारा आजार!

ही रोज विचारते, "ते मुसकं आज कसं होतं?" आधी हसू यायचं. आज आलं नाही. आल्याचा तुकडा हातावर ठेवत म्हणाली, "गोदामात काय वाईट आहे? माझ्या जिवाला घोर नाही. रोज तुम्ही खाली उतरेपर्यंत मी इथे टांगलेलीच असते."

इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती. वर मी कुणीतरी असतो, खाली कुणीच नसतो — हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? धाकटी लेक वाढायला आली तिच्यावर उगाच डाफरलो.

११ मार्च, मंगळवार

पोरं पास होत चाललीत. ज्याला मी लिव्हर धरायला शिकवलं तो पहिल्या फटक्यात पास! पेढे वाटल्यासारखा हसत होता. मी अभिनंदन केलं आणि संडासात जाऊन बसलो. रडू आलं. या वयात!

१२ मार्च, बुधवार

आज कारण कळलं. मॅडमनी विचारलं, "काका, नेमकं कोणत्या क्षणी होतं?" म्हटलं, गठ्ठा डोलला की. "खऱ्या क्रेनमध्ये गठ्ठा डोलतो तेव्हा?" मी म्हटलं, "तेव्हा आधी कंबरेला कळतं." (बूड म्हणणार होतो. बाईमाणसासमोर कंबर म्हटलं.)

खरंच आहे ते. वारा फिरला, माल हलला, की खुर्चीतून आधी बुडाला कळतं, डोळ्यांना मागाहून. म्हणून तर वाऱ्याचं मी भोंग्याला सांगायचो, त्याने मला कधीच नाही. इथे उलटं. डोळे ओरडतात 'डोललं!' आणि बूड म्हणतं 'छे, कुठे काय?' दोघांचं भांडण आणि पोटाचा बळी.

मॅडम म्हणाल्या, "मग कंबरेचं ऐकणं सोडा. डोळे सांगतील तेवढंच खरं. थोडं थोडं करू, शरीराला सवय लागते."

सोडा म्हणे! पण दुसरा उपाय तरी काय आहे?

१४ मार्च, शुक्रवार

निळाच घालतो. आधी रिकामा हुक, मग हलका माल. खुर्चीकडे लक्ष गेलं की स्वतःला दटावतो. बादली लागली, पण उशिरा.

१७ मार्च, सोमवार

बादली लागली नाही. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दिवसभर अंग बधिर, दुसऱ्याचं वाटतंय.

२० मार्च, गुरुवार

मॅडमना सांगून टाकलं — निळा घ्या. काळा मानेचा शत्रू, पांढरा पोटाचा. निळ्यात गरम होतं, बाजूला हवेला भोकं हवीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्यामुळे बाकीच्यांचा त्रास वाचेल." बरं वाटलं. पण क्षणभरच.

२४ मार्च, सोमवार

बसमध्ये उभा होतो. ड्रायव्हरने वळण घेतलं तेव्हा तोल जाऊन एका आजींच्या अंगावर पडलो. "डोळे फुटले का?" म्हणाल्या. डोळे तर उघडेच होते.

२८ मार्च, शुक्रवार

पास! जोराच्या वाऱ्यात सळया उतरवायच्या होत्या, अलगद उतरवल्या. पोट गप्प. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. भोंग्याने मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, त्याचीच पाठ धरली!

ही "बरं झालं" म्हणाली आणि तोंड फिरवून ओटा पुसत राहिली. तो आधीच स्वच्छ होता. सोमवारी वर.

३१ मार्च, सोमवार

वर गेलो. पहिलाच गठ्ठा हवेत होता, मी खालची जागा न्याहाळत होतो. वॉकीवर भोंगा किंचाळला, "दादा, वारा फिरलाय! माल माणसांवर चाललाय, कळत नाही का तुम्हाला?"

नव्हतं कळलं. केबिन हलत होती आणि मला काहीच कळलं नव्हतं.

माल टेकवला. खाली उतरलो आणि साइटच्या साहेबांना क्रेनची किल्ली देऊन आलो.