अडीच तासांवरची आई

लाडके सावेता,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर आई कान देऊन ऐकते, म्हणून हे पत्र दुमित्रूकाकांच्या हाती देतेय. ते आज इथून, तुरीनहून, विमानाने तिकडे आपल्या याशला येताहेत.

आई गावभर मिरवायची ना, "दीड हजार किलोमीटर असेना का! विमानात बसली की माझी वियोरिका अडीच तासांत येते. तुम्हाला बाजारातून यायला जास्त वेळ लागतो!"

मी इथे सांभाळते त्या म्हातारीला एकटं टाकता येत नाही. मी कोट घातला की रडायलाच लागते. तिचा मुलगा म्हणतो, "एवढा आठवडा काढ, मग खुशाल जा." आईकडे आठवडा आहे का गं?

कोंबड्यांना दाणे कोण टाकतं? तू झोपतेस ना थोडी?

मेणबत्ती उशाशीच ठेव. जीव जाताना हातात उजेड नसला तर माणूस पलीकडे अंधारात चाचपडतं, असं आईच म्हणायची. ती मेणबत्ती मीच धरायची, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

तिला आता दिसत नाही. तिच्या हातात मेणबत्ती देशील तेव्हा बोलू नकोस. आपल्या दोघींचे हात सारखेच खरखरीत आहेत. मी आले असं वाटू दे तिला.

न पोहोचलेली तुझी ताई,
वियोरिका