गोळी सुरू करण्याआधी

प्रिय दादा,

तू सांगितलं होतंस तसंच झालं. मी पाठवलेला मेंदूचा स्कॅन बघून तू फोनवर म्हणाला होतास, बाबा चालतील, उजवा हात मात्र लुळा राहील, बोलणं तुटक येईल. रोज असेच रुग्णांचे अंदाज बांधतोस, त्यामुळे चुकला नाहीस. परवा ते काठी टेकत दारापर्यंत गेले. डॉक्टर खूश, व्यायाम करून घेणाऱ्या बाई खूश. शेजारी म्हणतात, मोठ्या दुखण्यातून वाचले. मी हो हो म्हणते, आणि आत आल्यावर वाटतं, नक्की कोण वाचलं?

कारण बाबा रडतात रे. आपले बाबा! गाडी शिकवताना ज्यांच्या शेजारी भलेभले घामाघूम व्हायचे, आजी गेली तेव्हाही ज्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, ते आता टीव्हीवर कुत्र्याचं पिल्लू दिसलं तरी हुंदके देतात. मध्येच हसू फुटतं, तेही आवरत नाही. आईचा हात धरून बसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चहाचा कप घेऊन दारातूनच मागे फिरले. आई म्हणाली, "जन्मभर भिंतीशी संसार केला गं. आता कुठे माणूस मिळालाय." मला हसावं की रडावं कळेना. घरात ती दोन्ही खाती सध्या बाबांकडेच आहेत म्हणा!

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, पक्षाघातानंतर काहींचा मेंदूतला लगाम सैल होतो. रडू आलं म्हणजे दुःख झालंच असं नाही. एक गोळी आहे, तिने बरंच आटोक्यात येतं. आई लगेच म्हणाली, "कशाला? कुणाला त्रास होतोय?" मीही मान डोलावली. पण बाबांनी ऐकलं होतं. डावा हात छातीवर आपटत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "मला... लाज... गोळी... दे." आणि म्हणता म्हणताच त्यांना रडू कोसळलं. डॉक्टर गेल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

कुणाचं बरोबर, दादा? तुमच्याकडे रुग्ण बरा झाला असं कधी म्हणतात? चालला, जेवला, आपले कपडे आपण घातले की? मग आमचं हे कशात धरायचं? आईला आत्ता कुठे मिळालेला नवरा बरा करून त्याची पुन्हा भिंत करायची? की बाबांना त्यांच्या मनाविरुद्ध असंच उघडं ठेवायचं? माझं डोकं चालत नाही. शेवटी दुखणं त्यांचं, म्हणून त्यांचंच ऐकलंय. सोमवारपासून गोळी सुरू.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. काल आईशी बोलताना माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तू बाबांशी भांडून घर सोडल्यापासून त्यांच्यासमोर ते कुणी घेत नाही. मी जीभ चावली. बाबा रडायला लागले, आणि थांबल्यावर म्हणाले, "बोलव." ते रडू तुझ्यासाठी होतं की आजाराचं, मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येणार नाही. गोळीने लगाम घट्ट झाला की तो शब्द ते पुन्हा उच्चारतील का, तेही ठाऊक नाही. एकेका शब्दासाठी त्यांचा जीव किती मेटाकुटीला येतो, मी रोज बघते. त्यातला एक त्यांनी तुझ्यासाठी काढलाय. सोमवारच्या आत ये. रागाने ये, भांडायला ये, पण ये.

तुझीच,
बबडी