दोनशे तीस अंश

१४ नोव्हेंबर
जळला! सासूबाईंच्या आठवणीच्या दिवसाचा केक — आणि त्याचा कोळसा. वरून काळा, आतून कच्चा. बावीस वर्षं हाच केक, हाच ओव्हन, हाच हात. चर्चच्या हॉलमध्ये सुरी आत जाईना. माझी थोरली जाऊ, शोशाम्मा चेडत्ती, सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "एलीक्कुट्टीचा हात संपला गं. वय झालं की होतं असं." तिच्याहून मी नऊ वर्षांनी लहान आहे!
बायका कुजबुजल्या. आमचे पाद्री, अच्चन, जमिनीकडे बघत राहिले.
मरेपर्यंत विसरणार नाही.

१७ नोव्हेंबर
ख्रिसमसला आजारी माणसांच्या घरी जाणारे चाळीस केक यंदा चेडत्ती करणार. अच्चन स्वतः सांगायला आले. "तुम्हाला जरा विश्रांती." विश्रांती! माझी फळं जूनपासून रममध्ये भिजतायत. बरणी मागायलाही माणूस पाठवला तिनं. दिली नाही.

१९ नोव्हेंबर
आज पुन्हा केला. १६० वर. पाऊण तासात करपला. आमचे हे म्हणाले, "नवा ओव्हन घेऊन टाक ना." नवा घेतला की चेडत्ती खरी ठरली! पुरुषांना हे कळत नाही.
हात संपलेला नाही. ओव्हन बिघडलाय. दाखवून देईन.

२३ नोव्हेंबर
रेजी मेकॅनिक आला. दार उघडलं, मिटलं, "व्होल्टेज जास्त येतंय, चेची" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. व्होल्टेज! मग फ्रिज कसा चालतोय?
दाराचं रबर बदललं. फरक शून्य. रबर गेलं तर उष्णता बाहेर जाईल, आत वाढेल कशी? हे आधी सुचायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर
कोट्टयमहून ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. बटण १६० वर. काटा १६०... १९०... २१०... २३०! आनंदानं ओरडलेच. हे धावत आले, कुणी पडलं की काय म्हणून.

२७ नोव्हेंबर
स्टूल घेऊन समोर बसले. पुरेसं तापलं की लाल दिवा विझायला हवा. तासभर विझलाच नाही. म्हणजे आपण तापलोय हे ओव्हनला कळतच नाही!
प्लग काढला. गार होऊ दिला. मागचा पत्रा उघडला. थर्मोस्टॅटची तांब्याची बारीक नळी असते, तिच्या टोकाला उष्णता ओळखणारी पेन्सिलीएवढी कांडी. ती आत क्लिपमध्ये हवी. सापडली कुठं? भोकातून मागे ढकललेली, बाहेर गार हवेत लोंबत होती! आत आग आणि ही बाहेर वारा खातेय.
क्लिप वाकलेली. आपोआप नाही वाकत. ऑक्टोबरात मी दोन आठवडे तापानं पडले होते, तेव्हा माझं स्वयंपाकघर कोणाच्या ताब्यात होतं? "ओव्हन घासून लख्ख केलाय हं तुझा" — कोण म्हणालं होतं?
चेडत्ती.

२८ नोव्हेंबर
कांडी जागेवर बसवली. दिवा विझतो, लागतो, विझतो. केक तांबूस, मऊ. कुणाला दाखवला नाही. दाखवून काय? "लागला असेल हात" म्हणेल आणि पुन्हा हसेल. नको. तिलाही उभी राहू दे त्या हॉलमध्ये.
दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले ओव्हन. तिच्याही मागच्या पत्र्याला चारच स्क्रू असणार.

१२ डिसेंबर
दुपारी चेडत्ती चर्चमध्ये, बायकांच्या प्रार्थनेला. तिचं मागचं दार कधीच लावलेलं नसतं. दहा मिनिटं लागली. चार स्क्रू काढले, कांडी मागे ढकलली, पत्रा परत लावला.
घरी येऊन उकडलेला कप्पा कंद आणि चटणी चापून खाल्ली.

२० डिसेंबर
काळे! चाळीसांपैकी पहिले चार केक चाखायला हॉलमध्ये कापायचे होते. चारही काळे. चेडत्ती सुरी घेऊन उभी. मागून कुणीतरी म्हणालं, "शोशाम्मा, तुझाही हात संपला वाटतं!" सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं.
तिनं सुरी टेबलावर ठेवली. जळलेत हे तिला घरीच कळलं असेल. तरी घेऊन आली कशी?
बरं वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला नाकारता येणार नाही.

२१ डिसेंबर
सकाळीच चेडत्ती दारात. बसली नाही. "तुझी ती नळी घासताना माझ्याच हातानं निसटली. बसेना, म्हणून मागे ढकलून दिली. तुझा केक जळला तेव्हा बोलायला हवं होतं. घाबरले, आणि तोंडातून भलतंच गेलं." मग म्हणाली, "बारा तारखेला प्रार्थनेचं पुस्तक विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले होते. माझ्या स्वयंपाकघरात तू वाकलेली दिसलीस. खिडकीतून."
"आणि तरी त्याच ओव्हनमध्ये केक लावलेस?"
"लावले. तू जिथं उभी होतीस, तिथं उभी राहून आले. आता सांग एलीक्कुट्टी, फिटलं का?"
हो म्हणायला तोंड उघडलं. पण आत जाऊन जूनपासूनची ती फळांची बरणी आणली आणि तिच्या हातात दिली.