अक्षदाच्या नावचं पाकीट

जांभूळ
१४ ऑगस्ट २०२५

चि. अक्षदा हिस बाबाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आईच्या गुडघ्याला तेल चालू आहे. पाण्याच्या प्लांटवर माझी या आठवड्यात पहिली पाळी. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितो.

तू काहीतरी लपवतेस. रविवारी घरी आलीस तेव्हा टीव्हीमागे, कॅलेंडरखाली, देवाच्या खणात, सगळीकडे हात घालून झाला तुझा. मी पेपर वाचत नव्हतो, तुला बघत होतो. आईला दोनदा विचारलंस, "पोस्टमन आलेला का?" आणि बारा महिने चपलांवर काढणारी मुलगी, पायांत काळे बंद बूट! एम.एस्सी.च्या वर्गात बसायला बूट कशाला लागतात? तू राहतेस तिथे, कॅम्प एकला फोन केला तर अंजनाआत्या म्हणते, "दादा, खालीपिली पोरीच्या मागे लागू नको, ती लायब्ररीत गेलीय." मागून तुझाच आवाज येत होता.

अंबरनाथच्या कंपनीत तू इंटरव्ह्यू दिलास, हे मला माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस. दोन वर्षं लॅबमध्ये ट्रेनिंग, मग नोकरी. मलाही असंच सांगितलं होतं. बारावी झालो आणि ट्रेनिंगला लागलो. साहेब म्हणाले, शिक्षण काय, नंतरही होतं. कॉलेजचा कोरा फॉर्म मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. आता तीस वर्षं पाण्यातलं क्लोरीन तपासतोय, आणि तुझ्या वयाचा इंजिनिअर मला अरेतुरे करतो. त्याचा राग येतो मला. तो तुझ्यावर काढायला नको होता.

कसं माहीत, ते सांगूनच टाकतो. एक तारखेला बाळा पोस्टमन दारात आला. म्हणाला, "रामभाऊ, पोरीच्या नावचं आहे. तुम्ही सही करताय ना?" केली. पाकीट फोडलं. सोमवारी अठरा तारखेला सकाळी नऊला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं लिहिलं होतं. ते मी प्लांटवरच्या माझ्या लॉकरमध्ये ठेवलं. सोमवार उलटला की तू मुकाट एम.एस्सी.ला जाशील, असा माझा विचार. तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

रविवारी निघताना तू ते बूट ओढणीने पुसलेस. ते काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही. काल लॉकर उघडला आणि पाकिटावरचं तुझं नाव वाचून मला शरम वाटली.

हे शेजारच्या नाथाच्या हातून पाठवतोय. पोस्टाने नको, मध्ये कोण दाबून ठेवील सांगता येत नाही.

सोबत कंपनीचं पत्र आहे आणि एम.एस्सी.चा फॉर्मही. पालकाची सही दोन्हींवर केली आहे. माझं मन अजून एम.एस्सी.कडेच आहे, खोटं कशाला बोलू. पण तुझी सही तू कर. कुठल्या कागदावर केलीस, ते मी आत्याला विचारणार नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन.

अंजनाला सांग, तिला खोटं नीट बोलता येत नाही. आपल्या घरात ते मलाच जमतं.

तुझ्या सहीच्या जागी सही केलेला,
बाबा