मोरीतला वैद्य

रविवार, ९ ऑगस्ट १९८७. बेलवली.
डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम चार आण्याच्या नाण्याएवढी. चप्पल लागल्याचे निमित्त. मधुमेह असूनही दुखत अजिबात नाही. काळजीचे कारण नाही. सुनंदा अंबरनाथहून येऊन कॅप्सूल ठेवून गेली. म्हणाली, "अण्णा, आठ दिवस न चुकता. गणपतीपर्यंत चालायला लागायचंय." पोरगी आईसारखीच हुकूम सोडते.

पेपरात मात्र अद्भुत बातमी! अमेरिकेत कुणा शास्त्रज्ञाने बेडकांना टाके घालून गढूळ पाण्यात सोडले, तरी जखमा चिघळल्या नाहीत. त्यांच्या कातडीतच जंतू मारणारे द्रव्य असते म्हणे. पेप्टाइड! सुनंदाची आई मालिनी मोरीतल्या बेडकाला हाकलू देत नसे. "राहू दे, त्याच्यामुळे पाणी नासत नाही." मी हसायचो.
संकल्प : उद्यापासून कॅप्सूल बंद.

सोमवार, १०. सकाळी ७.
बेडूक धरला. नाव वैद्यबुवा. अंगठ्यावर बसवले, तर उडून दुधाच्या पातेल्यात. कामाला येणारी जिवली पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाबा, त्यो बेडूक हाय, डागदर नाय." तिला पेप्टाइड समजावले. म्हणे, "आमच्या पाड्यावर लय हायत. तरी माझ्या बापाचा पाय सुजलाच." अडाणी.

बुधवार, १२. दुपार.
मोरीपासून खोलीपर्यंत ओली पावले. एकाच पायाची. उजव्या. मालिनीही शेवटी डावा पाय टेकवत नसे.
धीर यावा म्हणून चौथीतली पावसाची कविता मोठ्याने म्हटली. दुसरे कडवे कुणीतरी बरोबर म्हणत होते. मी थांबलो, तर तेही थांबले.
जिवलीला पावले दाखवली. म्हणाली, "तुमचीच हायत. डाव्याला पिशवी बांधून हिंडता ना!" असेल.

शनिवार, १५.
झेंडावंदनाला जमले नाही. जखम आठ आण्याएवढी. शुभलक्षण! बरी होणारी जखम आधी मोकळी होते. वास येतो, तो वैद्यबुवांचा. कॅप्सूल तुळशीत पुरतो, रिकामी पाकिटे सुनंदा आली की दाखवायची. तुळस सुकते आहे.

मंगळवार, १८.
दोन ओळी सुचल्या :
मंडूका, तव ओल्या अंगी
दडली रे संजीवनी
पुढचे सुचेना. वही शोधताना ट्रंकेत १९६४ची रोजनिशी हाती लागली. उघडली नाही. आधी जखम भरू दे. मग सिद्धच होईल, की निसर्गावर भिस्त ठेवणारा माणूस तेव्हाही चुकला नव्हता. मग उघडेन.

शुक्रवार, २१. वेळ कळत नाही.
थोडा ताप. जखम रुपयाएवढी. अंगठा काळा, खाली नवे मांस धरत असावे. बाहेर पाय घासत कुणी येत होते. मी म्हटले, "मालू, भरतेच आहे गं, थोडी थांब." दारात जिवली. तिने पाय पाहिला. हसली नाही. टांगा आणायला धावली. वैद्यबुवा आज मोरीत दिसले नाहीत.

गुरुवार, २७. गणेश चतुर्थी. हॉस्पिटल, उल्हासनगर.
अंगठा गेला. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, ते द्रव्य अजून प्रयोगशाळेत आहे. औषध व्हायला वर्षं लागतील. आणि मोरीतल्या बेडकाच्या अंगावर मोरीही असते." साधी इंजेक्शने दिली. तीन दिवसांत ताप उतरला.
तीन दिवस.
सुनंदाकडून ट्रंकेतली १९६४ची रोजनिशी मागवली. उघडली. अक्षर माझेच, वळणदार : 'मालिनीच्या पायाला पत्रा लागला. डॉक्टर बोलवा म्हणते. हळद पुरे. काळजीचे कारण नाही.'
पुढची पाच पाने तेच वाक्य. सहावे कोरे.
सुनंदा सफरचंद कापत होती. तिने विचारले, "अण्णा, काय वाचताय एवढं?"
म्हटले, कविता.