दाराच्या कडीचा आवाज

बाबा, माझी इंग्रजी गाणी तुम्हाला कधीच आवडली नाहीत, आणि आज मी लिहितोय ते त्यांच्याबद्दलच. गेले काही महिने म्युनिकमध्ये ऑफिसला जाता-येता मी एस-बान लोकलमध्ये बसून शाळेच्या दिवसांतली तीच रॉक आणि पॉप गाणी फोनवर ऐकतोय. सगळी मिळाली, एकूणएक. बायकोचा वाढदिवस माझ्या लक्षात राहत नाही, पण ते शब्द अजून पाठ आहेत. फक्त एका गाण्यात गिटार सुरू झाली की मी दरवेळी थबकतो. तिथे आपल्या दाराची कडी वाजायला हवी.

रेडिओवर इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम लागला की समोर टेपरेकॉर्डर ठेवून मी गाणी टेप करायचो, त्यामुळे घरातला प्रत्येक आवाज कॅसेटमध्ये जायचा. त्या दुपारी तुम्ही कारखान्यातून पहिली पाळी करून आलात, कडी वाजवलीत, आणि दार उघडून मी तुमच्यावर खेकसलो, "वाट लावलीत गाण्याची." आई मला खूप बोलली. तुम्ही चपला काढल्यात आणि मोरीत पाय धुवायला गेलात. त्यानंतर तो कार्यक्रम चालू असला की तुम्ही दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून राहायचात, डबा मांडीवर घेऊन. तुम्ही गेल्यावर हे मला आईकडून कळलं, असं मी सगळ्यांना सांगतो.

परवा घरी पोचलो तेव्हा तेच गाणं कानात चालू होतं. किल्ली खिशात असूनही मी जिन्यात बसलो. ऐन डिसेंबर, पायरी दगडी, बूड गारठून गेलं. गाणं केवढं लांब वाटलं, बाबा. आणि मी दिवसभर खुर्चीत बसून आलो होतो, तुम्ही मशीनपाशी उभे राहून यायचात. मुलीने दार उघडलं आणि तिच्या जर्मनमध्ये विचारलं, आत का येत नाहीस. मी म्हटलं, "गाणं संपू दे." तेवढं बोललो आणि मला रडूच आलं. ती बिचारी घाबरून तिच्या आईला बोलवायला धावली.

पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. आईकडून कळलं हे खोटं आहे. शेजारच्या काकांनी एकदा तुम्हाला विचारलं होतं, बाहेर का बसलात, आणि तुम्ही हळूच म्हणालात, "गाणं संपू दे त्याचं." दाराआडून मी ते ऐकलं होतं. गाणं संपलं, आणि दार न उघडता मी पुढचं टेप करायला घेतलं.