साडूंच्या धमन्या आणि माझी निरोगी छाती

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि तेच दुःख तुला कळवायला बसलोय.

तुला माहीतच आहे, छापखान्यात आहारावरच्या एका पुस्तकाची मुद्रितं तपासता तपासता मी अँटिऑक्सिडंटांच्या नादी लागलो. रक्तातल्या चरबीला जणू गंज चढतो, मग ती धमन्यांच्या भिंतींत साचते, आणि रंगीत फळंभाज्या तो गंज अडवतात, असा त्यात सिद्धांत होता. (‘धमन्या’चं ‘धमक्या’ झालेलं मीच पकडलं.) आठ वर्षं मी डाळिंब, पालक, बीट खातोय, वर गोळ्या गिळतोय. डाळिंब मीच सोलायचं. हिने कधी एक दाणा काढून दिला नाही. आमचे शिंपी साडू मात्र मशीनवर बसून सिगारेटी फुंकत आणि तळलेलं हाणत.

गेल्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखलं. तीन धमन्या तुंबलेल्या निघाल्या. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. पण दुसऱ्याच दिवसापासून ही त्यांच्यासाठी डबा नेऊ लागली, आणि डब्यात सोललेलं डाळिंब. माझ्या टोपलीतलं. माझा नुसता जळफळाट झाला. मग मीही तपासून घेतलं. (थोडंसं तुंबलेलं निघावं, फार नको, एवढीच इच्छा.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं स्वच्छ आहे. मी ऐटीत गोळ्यांची बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि माझ्या जुन्या सवयींचा कागद पाहिला. म्हणाल्या, “फळंभाज्या खात राहा, त्या चांगल्याच. पण या गोळ्यांनी धमन्या वाचतात असं मोठ्या चाचण्यांत काही दिसलेलं नाही. तुमची सिगारेट कुणी सोडवली?”

“हिने,” मी म्हणालो.

“मग आभार तिचे माना.”

ही शेजारच्याच खुर्चीत होती. तेव्हापासून घरात मला ब्र काढायची सोय उरलेली नाही. तू आठ दिवस ये आणि माझ्या बाजूने दोन शब्द बोल.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोमवारी सकाळी साडूंचं ऑपरेशन आहे. ‘सोबत कोण थांबणार’ या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. (सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर असताना.) मी कुणाला सांगत नाही, पण तू हिच्या कानावर घालायला हरकत नाही.

ता. ता. क. : माझ्या बाजूने बोलायचं राहू दे. सोमवारच्या आत ये. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर पाच तास एकट्याने बसणं मला जमायचं नाही.